खाजगी शिकवणीचा करारनामा : काही विधिविषयक विचार

खाजगी शिकवणीचा व्यवहार महाराष्ट्रात बहुधा तोंडीच ठरतो. शालेय वर्ष सुरू होण्याच्या सुमारास पालक शिक्षकाकडे येतात, विषय, वार आणि वेळ यांची बोलणी होतात, महिन्याची फी सांगितली जाते, आणि 'बाकीचे पुढे पाहू' असे म्हणून दोन्ही पक्ष उठतात. पुढील बहुतेक तंट्यांचे बीज या 'बाकीच्या'तच असते. मूल आजारी पडले, शिक्षकाला परगावी जावे लागले, मे महिना आला, परीक्षा तोंडावर असताना शिकवणी तुटली, अशा प्रसंगी कोणी कोणास काय द्यावयाचे हे ठरलेले नसल्याने प्रश्न हक्काचा न राहता भिडेचा होतो. शिकवणी हेच ज्याच्या उपजीविकेचे साधन आहे, ज्याच्यामागे शाळेची नोकरी, रजा वा निवृत्तिवेतन नाही, अशा स्वतंत्र शिक्षकाला ही भीड विशेष महाग पडते. तर पुढच्या महिन्यांची फी आगाऊ भरून बसलेल्या पालकाला ती दुसऱ्या बाजूने महाग पडते.

शिकवण्याच्या बाबतीत लेखी करार करण्याविषयी जो संकोच दिसतो त्याची मुळे जुनी आहेत. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धास वर्ज्य ठरविलेल्यांच्या यादीत वेतन घेऊन शिकविणारा भृतकाध्यापक आणि त्याच्याकडे शिकणारा असे दोघेही येतात. विद्या ही विकावयाची वस्तू नव्हे, शिष्याने शेवटी यथाशक्ती दक्षिणा द्यावी, हा आदर्श त्यामागे आहे. परंतु त्याच परंपरेत दुसरी बाजूही आहे, व ती फारशी सांगितली जात नाही. कलाकौशल्य शिकू इच्छिणाऱ्या अंतेवासीने आचार्याकडे राहण्याची मुदत आधी नक्की करावी असे नारदस्मृती सांगते. आणि विद्या मुदतीपूर्वी हस्तगत झाली तरी ठरलेला काळ गुरुगृही राहिले पाहिजे, असा याज्ञवल्क्याचा दंडक आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात कारागीर, गायक-वादक, वैद्य इत्यादींचे वेतन ठरलेले नसेल तर त्या धंद्यातील इतरांना मिळते तेवढे, किंवा जाणकार ठरवतील तेवढे द्यावे असा नियम आहे. म्हणजे मुदत आणि मोबदला हे शिक्षणव्यवहारातील दोन कळीचे मुद्दे आहेत, हे जुन्या धर्मशास्त्रकारांना व अर्थशास्त्रकारांना चांगले ठाऊक होते.

आजच्या कायद्याप्रमाणे या व्यवहारास भारतीय करार अधिनियम, १८७२ लागू होतो. त्याच्या कलम १० खाली पक्षांची मुक्त संमती, करार करण्याची पात्रता, कायदेशीर मोबदला आणि कायदेशीर उद्देश एवढे असले की करार बंधनकारक होतो. तो लेखी असलाच पाहिजे असे नाही. यास्तव 'लिहून घेतले नव्हते, म्हणून हक्क नाही' हा सर्वसाधारण समज चुकीचा आहे. तोंडी करार हाही करारच होय. त्याची अडचण पुराव्याची आहे. किंबहुना, मोबदल्याचा आकडा मुळीच ठरलेला नसतानाही, फुकट करण्याच्या हेतूने न केलेल्या कामाचा लाभ ज्याने घेतला त्याने त्याची भरपाई केली पाहिजे असे कलम ७० सांगते. कौटिल्याचा जाणकारांकडून वेतन ठरविण्याचा नियम आणि हे कलम यांत दोन सहस्र वर्षांचे अंतर असले तरी गरज एकच दिसते.

करारातील पक्ष कोण, हा पहिला प्रश्न वरवर सोपा वाटतो. शिकणारा बहुधा अठरा वर्षांखालील, म्हणजे कायद्याच्या भाषेत अज्ञान असतो. अज्ञानाने केलेला करार मुळातच रद्दबातल होय, हे प्रिव्ही कौन्सिलने मोहरीबिबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात १९०३ साली ठरविले, आणि ते तत्त्व आजही कायम आहे. सबब करार शिक्षक आणि पालक यांच्यामध्ये झाला पाहिजे, आणि पालक स्वतःच्या नावाने सही करतो, मुलाच्या वतीने नव्हे, हे शब्दांत यावयास हवे. आई आणि वडील विभक्त राहत असतील, किंवा फी आजोबा अथवा मामा देणार असतील, तर पैसे देण्याची जबाबदारी नेमकी कोणाची हे लिहिणे अधिकच अगत्याचे. बारावीनंतरच्या प्रवेशपरीक्षांचे कित्येक विद्यार्थी शिकवणीच्या काळात अठरा पूर्ण करतात. त्यांच्या बाबतीत विद्यार्थ्याची सहीही घेणे इष्ट असले, तरी तिच्यामुळे पालकाची जबाबदारी संपत नाही असे स्पष्ट म्हणावे.

दुसरा प्रश्न शिक्षकाच्या दर्जाचा. तो पालकाचा नोकर आहे की स्वतंत्र व्यावसायिक? १९५६ साली धारांगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्यात, मिठागरातील अगरियांच्या संदर्भात, सर्वोच्च न्यायालयाने जी कसोटी वापरली ती अशी की, काम काय करावयाचे एवढेच नव्हे तर ते कसे करावयाचे हेही सांगण्याचा अधिकार मालकाला आहे काय. खाजगी शिक्षक पाठ कोणत्या क्रमाने घ्यावा, कोणती उदाहरणे सोडवून घ्यावीत हे स्वतः ठरवितो, अनेक घरी शिकवितो, साधने स्वतःची वापरतो; तेव्हा तो सामान्यतः नोकर ठरत नाही. ही बाब केवळ तात्त्विक नाही. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे नोकरीच्या ओघात केलेल्या लेखनाचा पहिला हक्क मालकाकडे जातो, पण स्वतंत्र व्यावसायिकाने केलेल्या लेखनाचा हक्क त्याच्याकडेच राहतो. शिक्षकाने तयार केलेल्या टिपणांचा आणि प्रश्नसंचांचा वापर विद्यार्थ्याने स्वतःपुरता करावा, ते इतरांस देऊ अथवा विकू नयेत, असे एक वाक्य करारात असले म्हणजे हा हक्क कागदावर येतो. संगणकावरून दिलेल्या पाठांचे ध्वनिचित्रमुद्रण होत असेल, तर ते कोणी ठेवावयाचे व केव्हा पुसावयाचे हेही तेथेच लिहावे. मुद्रणात लहान मुलाचा चेहरा आणि आवाज असतो, एवढे कारण त्याला पुरेसे आहे.

स्वतंत्र व्यावसायिक असण्याची दुसरी बाजू म्हणजे संरक्षणाचा अभाव. कायम नोकरीतील शिक्षकसुद्धा औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ खाली 'कामगार' ठरत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली गोव्यातील एका शाळेच्या शिक्षिकेच्या प्रकरणात दिला होता. घरोघर शिकविणाऱ्याला तर नोकरीचे कोणतेच कवच नसते. त्याच्या हक्काचा आधार म्हणजे त्याचा करारच.

आता मोबदल्याच्या मापाकडे वळता येईल. येथे 'महिना' हा शब्द अनर्थाचे मूळ आहे. एखाद्या शिक्षकाने सोमवार, बुधवार व शुक्रवार असे तीन तास ठरविले आणि तासाला ५०० रुपये असा मनाशी हिशोब करून महिना ६,००० रुपये सांगितले, असे समजू. अठ्ठावीस दिवसांच्या फेब्रुवारीत असे नेमके १२ तास येतात. एकतीस दिवसांच्या महिन्यात १३ किंवा १४ येतात. बावन्न आठवड्यांचे मिळून १५६ तास होतात, पण वर्षाचे ७२,००० रुपये हे १४४ तासांचेच मोल आहे. उरलेले १२ तास ही आपली गणपती-दिवाळीची सुट्टी, असे शिक्षक मनात धरून चालतो. ठरलेल्या वारी शिक्षक आला नाही म्हणजे तास बुडाला, असे पालक धरून चालतो. दोघेही प्रामाणिक असतात, आणि दोघांच्या मनातील करार वेगळे असतात. वादाची रक्कम पाहू गेल्यास ती बरोबर एका महिन्याच्या फीएवढी भरते.

यावर उपाय दोन. एक तर फी तासावर ठरवावी आणि महिनाअखेर झालेल्या तासांचा हिशोब करावा. यात पारदर्शकता पुरेपूर असते, पण विद्यार्थी वारंवार सुट्टी घेऊ लागला की शिक्षकाचे उत्पन्न डळमळते. दुसरा उपाय म्हणजे संपूर्ण मुदतीचे तास आधी निश्चित करावेत, उदाहरणार्थ '१५ जून ते २८ फेब्रुवारी या काळात एकूण ९६ तास', आणि त्यांची एकूण फी समान मासिक हप्त्यांत विभागावी. हप्ता हा त्या महिन्याच्या तासांचा मोबदला नसून एकूण रकमेचा भाग आहे, हे वाक्य मात्र विसरता कामा नये. अभ्यासक्रम पूर्ण करून देण्याच्या बोलीवर ठोक रक्कम घेण्याची तिसरी रीत पुष्कळ ठिकाणी आहे. ती टाळलेली बरी. मंदगतीच्या विद्यार्थ्याला लागणारा जादा वेळ तीत शिक्षकाच्या पदरचा जातो आणि हुशार विद्यार्थ्याच्या पालकाला आपण फसलो असे वाटते. शिवाय 'पूर्ण' म्हणजे काय यावर एकमत होणे कठीण.

बुडालेल्या तासांचा प्रश्न सर्वांत अधिक वेळ घेणारा आहे, आणि त्यावर करार अधिनियमाने आपल्या दृष्टांतांतून बराच प्रकाश टाकलेला आहे. हे दृष्टांत शिक्षकाचे नाहीत, नटाचे आणि गायकाचे आहेत. परंतु ठरलेल्या वेळी स्वतः हजर राहून आपले कौशल्य सादर करावयाचे, हे दोन्ही व्यवसायांचे मर्म एकच असल्यामुळे ते येथे चपखल बसतात. कलम ५६ च्या एका दृष्टांतात सहा महिने रंगभूमीवर काम करण्याचा करार केलेला नट मधूनमधून आजारी पडतो. त्या त्या प्रसंगापुरताच करार शून्य होतो, सबंध करार नव्हे. कलम ६५ च्या दृष्टांतात जलशासाठी १,००० रुपये आगाऊ घेतलेली गायक व्यक्ती आजारामुळे गाऊ शकत नाही. तिने आयोजकाच्या बुडालेल्या नफ्याची भरपाई द्यावयाची नाही, पण आगाऊ घेतलेले हजार रुपये परत केले पाहिजेत. यावरून शिक्षकाच्या आजारपणाचा निकाल लागतो. तापाने अंथरुणास खिळलेल्या शिक्षकाने करारभंग केला असे होत नाही, तथापि त्या तासांची फी त्याला ठेवताही येत नाही. तास नंतर भरून देण्याची सोय कायद्याने आपोआप मिळत नाही. ती हवी असल्यास करारातच लिहावी लागते.

जाणूनबुजून गैरहजर राहणे ही गोष्ट निराळी. कलम ३९ च्या दृष्टांतात दोन महिने आठवड्यातून दोन रात्री गाण्याचे कबूल करणारी गायिका सहाव्या रात्री मुद्दाम येत नाही. नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाला करार संपुष्टात आणण्याचा अधिकार मिळतो. परंतु लगेच पुढचा दृष्टांत असे सांगतो की, त्याच्या संमतीने ती सातव्या रात्री गायिली, तर त्याने करार चालू ठेवण्यास मान्यता दिली असे होते. सहाव्या रात्रीच्या नुकसानीची भरपाई तेवढी त्याला मागता येते. शिकवणीत हे नित्य घडते. शिक्षक दोन तास न सांगता चुकवितो, पालक रागावतो, तिसऱ्या दिवशी शिक्षक येतो आणि शिकवणी पुन्हा सुरू होते. दोन महिन्यांनी त्याच जुन्या गैरहजेरीचे कारण दाखवून पालकाला करार मोडता येत नाही.

विद्यार्थी गैरहजर राहिला तर काय, याचे सरळ उत्तर मात्र दृष्टांतांत नाही. ते निरनिराळ्या कलमांतून जुळवावे लागते. ज्याला काम करून घ्यावयाचे त्यानेच ते करण्याची वाजवी संधी दिली नाही, तर काम न झाल्याचा दोष करणाऱ्याकडे येत नाही, असे कलम ६७ सांगते. आणि एका पक्षाने दुसऱ्याला काम करू दिले नाही तर नुकसानभरपाई देय होते, असे कलम ५३ वरून निघते. म्हणजे शिक्षक दारात उभा आणि मूल वाढदिवसाच्या मेजवानीला गेलेले, अशा प्रसंगी शिक्षकाचा हक्क शाबूत आहे. परंतु कलम ७३ च्या स्पष्टीकरणाप्रमाणे, नुकसान टाळण्यासाठी हाताशी कोणती साधने होती याचाही विचार व्हावयाचा असतो. दोन दिवस आधी कळविले असते आणि तो तास दुसऱ्या विद्यार्थ्याला देता आला असता, तर हक्क त्या मानाने आखडतो. पूर्वसूचनेच्या अटीचे महत्त्व येथे आहे. शिक्षकाने विकलेली वस्तू ही ज्ञान नव्हे. त्या विद्यार्थ्यासाठी राखून ठेवलेली वेळ होय. ती वेळ दुसऱ्याला देता येण्याइतकी आधी मोकळी झाली की नाही, एवढाच प्रश्न उरतो. पुढील प्रकारची अट या दृष्टीने बहुतेक प्रसंगांना पुरेशी ठरावी :

'पालकाने किमान चोवीस तास आधी कळविल्यास तो तास पुढील एकवीस दिवसांत उभयतांच्या सोयीने भरून दिला जाईल. त्याहून कमी वेळात कळविल्यास तास झाला असे समजले जाईल, मात्र विद्यार्थ्याच्या अचानक उद्भवलेल्या आजारपणात महिन्यातून एक तास या नियमातून वगळला जाईल. शिक्षकाच्या गैरहजेरीत, कारण काहीही असो, तास भरून दिला जाईल किंवा त्याची फी पुढील हप्त्यातून वजा केली जाईल. शिक्षकाने आपल्या जागी दुसऱ्यास पाठविण्यापूर्वी पालकाची संमती घेतली पाहिजे.'

यातील शेवटचे वाक्य कलम ४० ला धरून आहे. चित्र काढून देण्याचे वचन चित्रकाराने स्वतःच पाळले पाहिजे असे तेथे म्हटले आहे, आणि शिकवणीची निवडही व्यक्ती पाहूनच होते.

करार संपविण्याच्या अटीत सूचनेची मुदत, समजा पंधरा दिवस अथवा एक महिना, दोन्ही पक्षांना सारखी असावी. परीक्षेच्या वर्षी शिक्षकाने मध्येच हात काढून घेतला तर न्यायालय त्याला शिकवावयास लावू शकत नाही; वैयक्तिक गुणांवर सर्वस्वी अवलंबून असलेल्या कराराची प्रत्यक्ष अंमलबजावणी होत नाही असे विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम १४ मध्ये आहे. पालकाला मिळू शकेल ती नुकसानभरपाईच. यास्तव दहावी-बारावीच्या करारात परीक्षेपूर्वीच्या दोन महिन्यांत शिक्षकाने सूचना देऊ नये, दिल्यास चालू विषयाची टिपणे व प्रगतीची नोंद पालकाच्या हवाली करावी, अशी अट घालणे शहाणपणाचे. नव्या शिक्षकाला धागा कोठून उचलावयाचा हे कळले म्हणजे मुलाचे नुकसान बरेच टळते.

'एकदा भरलेली फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही' हे वाक्य छापील पावत्यांवर सर्रास आढळते. त्याची शक्ती छापणाऱ्यांना वाटते तेवढी नाही. करारभंगासाठी आधी ठरविलेली रक्कम ही कलम ७४ प्रमाणे केवळ कमाल मर्यादा असते. न्यायालय तिच्या आत वाजवी वाटेल तेवढीच भरपाई देते, हे फत्तेचंद विरुद्ध बालकिशनदास या १९६३ च्या निर्णयात स्पष्ट झालेले आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये शिकवणी-केंद्रांसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत, विद्यार्थ्याने मध्येच वर्ग सोडल्यास उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी असे म्हटले आहे. पन्नासहून अधिक विद्यार्थी असलेल्या केंद्रांसाठी त्या सूचना आहेत, एकट्या शिक्षकाला त्या लागू नाहीत. पण वाजवी काय याचा अंदाज त्यांवरून करता येतो. दोन-तीन महिन्यांपेक्षा जास्त आगाऊ रक्कम एकट्या शिक्षकाने घेऊ नये आणि पालकाने देऊ नये.

याच्या उलट, काही पालक आणि विशेषतः शिक्षक पुरविणाऱ्या मध्यस्थ संस्था शिक्षकाकडून असे लिहून घेतात की, करार संपल्यावर त्याने त्याच परिसरात किंवा त्याच विद्यार्थ्यांना शिकवू नये. व्यवसायबंदीचा करार कलम २७ प्रमाणे तेवढ्यापुरता शून्य होय. सेवेच्या मुदतीतील बंधन चालू शकते, हे निरंजन शंकर गोळीकरी यांच्या १९६७ च्या खटल्यात ठरले; मुदतीनंतरचे चालत नाही, हे कृष्ण मुरगई यांच्या १९८० च्या खटल्यात ठरले. आपली उपजीविका अशा वाक्याखाली गहाण पडली असे समजून कित्येक तरुण शिक्षक वर्ष-वर्ष काम सोडून बसतात. त्यांना हा कायदा ठाऊक नसतो.

निकालाची हमी देऊ नये, हे निराळे सांगण्याची गरज नसावी. परंतु 'नव्वद टक्के खात्रीने' असे शब्द जाहिरातीत घालून करारात ते नाकारणे हेही तितकेच गैर. शिक्षकाने कबूल करावयाचे ते तयारीने येणे, ठरलेला भाग ठरलेल्या काळात घेणे, दरमहा एक चाचणी घेऊन तिचा निष्कर्ष पालकाला कळविणे, एवढेच. सेवेतील दोषाबद्दल ग्राहक आयोगाकडे जाण्याची वाट पालकाला आहे. शिकवणी-केंद्रे ही शिक्षणसंस्था नव्हेत आणि त्यांच्या सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येतात, असे राष्ट्रीय आयोगाने २०२० मध्ये म्हटले आहे.

एका अडचणीचा उल्लेख येथे करणे भाग आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम २८ ने त्याच्या कक्षेतील शिक्षकांना खाजगी शिकवणी करण्यास मनाई केली आहे. शाळेत नोकरीस असलेल्या शिक्षकाशी असा करार केल्यास त्याच्या उद्देशाची कायदेशीरता कलम २३ खाली संशयास्पद होते, आणि बुडालेली फी मागण्यास न्यायालयात जाणे त्यालाच अडचणीचे ठरते. सबब आपण अशा नोकरीत नाही, असे शिक्षकाने करारात नमूद करावे. शिकवणीची जागा कोणती, त्या वेळी घरात प्रौढ व्यक्ती असेल की नाही, खोलीचे दार उघडे राहील की नाही, हेही लिहावे. यात अविश्वास मानण्याचे कारण नाही. ती अट मुलाचे रक्षण करते, आणि शिक्षकाचेही.

कागदाच्या बाह्यांगाबद्दल थोडेसे. महाराष्ट्रात अशा किरकोळ करारांवरील मुद्रांक शुल्क ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभरावरून पाचशे रुपये झाले. योग्य मुद्रांक नसलेला कागद रद्द ठरत नाही. पण महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम, १९५८ च्या कलम ३४ प्रमाणे शुल्क व दंड भरेपर्यंत तो पुराव्यात वाचला जात नाही. तीन-चार महिन्यांच्या शिकवणीसाठी पाचशे रुपये खर्चणे पुष्कळांना जड वाटेल. तेव्हा निदान अटींचा मजकूर भ्रमणध्वनीवरील संदेशाने पाठवून 'मान्य आहे' असे उत्तर घ्यावे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम १०अ ने अशा रीतीने झालेल्या करारास केवळ त्या माध्यमामुळे बाध येत नाही, आणि भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडून ते संदेश न्यायालयात मांडता येतात. त्यासाठी ते पुसून न टाकणे मात्र आवश्यक आहे.

झालेल्या तासांची वही ठेवावी व तिच्यावर दर महिन्यास पालकाची सही घ्यावी. थकलेल्या फीची फिर्याद मुदत अधिनियम, १९६३ प्रमाणे तीन वर्षांच्या आत करावी लागते. त्या काळात पालकाने बाकी लेखी कबूल केली तर कबुलीच्या तारखेपासून मुदत नव्याने मोजली जाते. फिर्यादीपर्यंत जाण्याजोगी रक्कम शिकवणीत क्वचितच थकते, म्हणून वाद प्रथम उभयतांना मान्य अशा एखाद्या तिऱ्हाइतापुढे, बहुधा जुन्या मुख्याध्यापकापुढे अथवा शेजारच्या वकिलापुढे, ठेवण्याची अट घालण्याचा प्रघात काही ठिकाणी आहे. तशी अट घातल्यास त्या व्यक्तीचे नाव करार करतानाच लिहावे व तिची संमती घ्यावी. तंटा उपस्थित झाल्यावर दोन्ही पक्षांना मान्य होईल असे नाव सापडत नाही.